माया

घंटाळीला, पहिल्या मजल्यावर,
डॉक्टरीणबाईंनी माझ्या दातांमध्ये पट्टी धरली.
"आ करा. अजून. दुखलं की थांबा."
चोवीस, म्हणाल्या. मिलिमीटर.
मी मनात केलं : इंचाला अर्धा सूत कमी.
आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली,
छाती, मुंढा, बाही, गळा पुढचा, गळा मागचा.
जबड्याचंही घेतात, ठाऊक नव्हतं.

"काम काय करता?"
ब्लाउज. चरईत. एकतीस वर्षं.
मान अशी, मशीनवर.
टाचण्या अशा, ओठांत.
आणि दोरा, कात्री शोधायचा कंटाळा म्हणून,
असा, दाढेखाली.
त्या लिहीत होत्या, त्या थांबल्या.

मग गरम पिशवी, टर्किश टॉवेलात गुंडाळलेली.
मग जीभ टाळूला लावून तोंड उघडायचं
हळू, ट्रायलचा पडदा सारतात तसं.
मग हनुवटी मागे, सरळ मागे,
शेजारणीनं उसने मागितल्यासारखी.
डावीकडे मान वळवली की
पहिल्या आठवड्यात दिसायचा वजनकाटा.
तिसऱ्यात हुकाला लटकलेला प्लास्टिकचा कणा.
पाचव्यात खिडकी,
आणि खाली रिक्षावाला, जांभई देणारा,
पार मागच्या दाढांपर्यंत.
मला त्याचा हेवा वाटला.

"ओठ मिटा," त्या म्हणाल्या,
"पण दाताला दात लावून बसू नका.
मधे थोडी जागा ठेवा."
माया, मी म्हटलं.
"काय?"
शिवणीच्या आत सोडतो ते कापड.
पुढे अंग भरलं तर उसवायला.
त्यांनी कागदावर तेच लिहिलं : दातांत माया.
चिठ्ठी मशीनच्या दिव्याला चिकटवलीय.
रात्री झोपेत कोण वाचतं, ते वेगळं.

टाचण्या आता मनगटावर,
अस्तराच्या चिंध्यांची गादी करून.
तोंड रिकामं. त्याची अडचण निराळीच.
बाया विचारतात, "मंगळवारी नक्की ना?"
"जुनाच भाव ना?"
इतकी वर्षं ओठांत टाचण्या, उत्तर एकच : हं.
काल कारखानीसांची सून
चार कापडं टाकून तेच म्हणाली.
मी तोंड उघडलं,
दोन बोटं मावतील एवढं.
म्हटलं, अस्तराचे साडेचारशे पडतील.
आणि मंगळवार नाही, शनिवार.

ती जरा घुटमळली. मग पावती मागितली.
पायऱ्या उतरून गेली तेव्हा
मी तिच्याकडे बघितलं,
स्टूल न फिरवता,
नुसती मान.