चाकं कोरी

माझा केसांचा स्प्रे पुन्हा संपला.
दुकानातली ब्लांका म्हणते,
"या वयात भारी नटता हं, काकू."
तिला काय सांगू?
स्प्रे डोक्याला नाही, ट्रकला लागतो.

स्वयंपाकघरात, पावाच्या टोपलीला खेटून
ओताकारचा कारखाना.
एकास पस्तीस.
म्हणजे ड्रायव्हर माझ्या करंगळीएवढा,
आणि तो अजून काड्यापेटीतच आहे.

आधी गंजाचा तपकिरी हात.
वर माझा स्प्रे, दोनदा, वाळू देत देत.
मग त्यावर लष्करी हिरवा.
मग कोमट पाण्याचा ब्रश, दात कोरायची काडी,
आणि श्वास रोखून
तोच हिरवा टवक्याटवक्याने काढत बसायचं:
दाराच्या मुठीपाशी, बॉनेटच्या कडेला,
सगळ्यात जास्त, चढायच्या पायरीवर.
नवं करायचं, मग जुनं करायचं.
बाहेर कुंपण तीन वर्षं
फुकटात जुनं होतंय,
त्याला हात लावायला सवड नाही.

मार्चमध्ये बागेतली माती आणली,
माझ्या चहाच्या गाळणीने चाळली.
मी भांडले.
दुसऱ्या दिवशी नवी गाळणी आली.
ती त्याने ठेवली. जुनी मला परत.

प्रोस्त्येयोवच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं.
टेबलांवर नुसता चिखल,
आसापर्यंत, काचेपर्यंत, एका जीपवर तर छपरापर्यंत.
परीक्षक चष्मेवाला, आमच्या नातवाच्या वयाचा,
टॉर्च मारून वाकून वाकून पाहिलं.
"टवके सुरेख. पण चाकं कोरी आहेत, आजोबा.
ही गाडी कुठे गेलीय असं वाटत नाही."
ओताकार म्हणाला, "बरोबर आहे."
बसमध्ये खोका मांडीवर.
घर येईपर्यंत दुसरा शब्द नाही.

रात्री त्याने चाकांना चिखल लावला.
प्लास्टर, चाळलेली माती, थोडा डिंक.
चांगला दिसत होता, मी म्हटलंही.
पहाटे उठले तर दिवा चालू,
आणि हा चिखल धूत बसलेला,
माझ्या टूथब्रशने.

मला त्याने एकदाच सांगितलंय.
लग्नानंतर नवव्या वर्षी,
आलुबुखाराच्या दारूचा तिसरा पेला.
त्या ऑगस्टात तो वीस वर्षांचा, सक्तीच्या नोकरीवर.
टाकी भरलेली, मागे पेट्या लादलेल्या,
प्रागा फाटकाकडे तोंड करून उभी.
हुकूम आला: कोणीही बाहेर पडायचं नाही.
आणि बाहेरच्या रस्त्यावरून
उजाडेपर्यंत रणगाडे जात राहिले,
दुसऱ्यांचे.
टपात ठेवलेला चहाचा मग
आपोआप कडेकडे सरकत होता, म्हणाला.
तो चढला, उतरला.
पुन्हा चढला. पुन्हा उतरला.
कितीदा, ते त्याने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

एका रात्रीत पायरीचा रंग जात नाही,
एवढं मलाही कळतं.

आता खाली एक लाकडी फळी घेतलीय.
मधोमध फाटक, पितळी तारेचं.
आतल्या बाजूला फरशी, झाडलेली, स्वच्छ,
सिगारेटचं एकच थोटूक,
तेही मला भिंगातून दाखवलं म्हणून दिसलं.
माती सगळी बाहेरच्या बाजूला.
ओली असतानाच तिच्यावर
कुठल्याशा जुन्या खोक्यातला रणगाड्याचा पट्टा
दाबत दाबत नेला, या टोकापासून त्या टोकाला.
मग परत. मग परत.
मी बटाटे सोलायचे थांबले.

"आणि ड्रायव्हर?" मी विचारलं.
"आत बसवणार की खाली उभा करणार?"

त्याने काड्यापेटी उघडली,
आत बघितलं,
बंद केली.

"शनिवारी दुकानात जाशील ना," म्हणाला,
"दोन डबे आण."