हिल्याची उंची

एंडेलनं ओकचे खांब साल सोलून
धोंड्यांवर उभे केले, मातीत नाही.
"माती तोंड न वाजवता खाते."
वोरूकडच्या रानात हे शेंबडं पोरही सांगेल.

मागच्या फळ्यांत बोटभर फट, वाऱ्यापुरती.
छपराला उतार,
बर्फाला बसू न देणारा.

पुढच्या खांबांची उंची राहिली होती.
टेप घरातच. त्यानं हिल्याला हाक मारली,
"हात वर कर."
ती कणीक टाकून आली.
खांबावर पाच पांढरी बोटं.

करवत टेकणार, तोच म्हणाली,
"वीतभर खाली घे.
हा ओला बर्च वाळायला दोन हिवाळे.
तोवर मी आखडेन."

पाच बोटांचा तो तुकडा
रिकाम्या छपराखाली
पहिला जाऊन पडला.