हरकती आणि सूचना

सभा सहाची. मी पावणेसहालाच येऊन
टेबल मांडलं, किटलीत पाणी ओतलं,
वहीत तारीख घातली, आणि नेहमीसारखं
पहिलं वाक्य आधीच लिहून टाकलं:
‘उपस्थितांचे स्वागत करण्यात आले.’

ब्रिनगोख हे वेल्समधलं पाटीच्या दगडाचं गाव.
छपरं पाटीची, कुंपणं पाटीची,
थडग्यांवरची नावंही पाटीवरच,
फक्त ती पुसत नाहीत.
खाणी मिटल्या. डोंगराच्या खिंडारात
आता वारा तेवढा कामावर येतो
आणि चौदा नंबरची बस, तासाला एक.

ती यापुढे गावात शिरणार नाही, असा मसुदा.
औषधांच्या दुकानासमोरचा थांबा
हमरस्त्यापलीकडे नेणार.
चार मिनिटं वाचतील.
कुणाची, ते नकाशात नव्हतं.

ओसियन, काउन्सिलचा पोरगा,
टाय नवा, घसा कोरडा,
त्यानं भिंतीवर पर्याय टांगले: अ, ब, क.
पटलं तर हिरवी टिकली, नाही तर लाल.
टिकल्यांवर आधी लहान पोरंच तुटून पडली;
दहा मिनिटांत पर्याय ब ला
गोवर आला.

तेगवेनबाई उठल्या पार्किंगबद्दल
आणि बोलल्या मागच्या सभेबद्दल,
जेव्हा गटार मागितलं होतं
आणि बाक मिळाला होता.
दोरोता, बसची ड्रायव्हर, गणवेशातच दाराशी:
‘क वर बस वळत नाही.
मी वळवून पाहिली. आरसा गेला.’
मी लिहिलं: तांत्रिक अडचण.

मग इदवाल उठला.
लिहायला दोन शब्द;
त्याला उठायला पुष्कळ वेळ लागला.
छातीत खाणीची धूळ, हातात काठी.

‘रस्ता किती रुंद?’
‘साडेनऊ मीटर.’
‘आणि हिरवा माणूस किती वेळ?’
‘दहा सेकंद. नियमाप्रमाणे.’

इदवालनं मान डोलावली
आणि खडू मागितला.

इथली फरशीसुद्धा पाटीचीच,
जन्मात शाळेत न गेलेली.
दोरोतानं पावलं मोजून तिच्यावर दोन रेघा ओढल्या.
खुर्च्या सरकल्या. किटली उकळत राहिली,
तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
‘मोज,’ इदवाल ओसियनला म्हणाला.

एक. दोन.
चारपासून पोरांनी सूर उचलला,
ओसियन इंग्रजीत, पोरं वेल्शमध्ये,
आकडे एकमेकांच्या टाचेवर पाय देत चालले.
दहा झाले
तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध होता
आणि थांबला. श्वासासाठी.

कुणी हसलं नाही.
ज्या बाजूनं ट्रक आला असता
त्या बाजूला आम्ही सगळे बसलो होतो.

अकरा ओसियनच्या तोंडून नुसती हवा होऊन निघाला.
एकतीसला काठी पलीकडच्या रेघेला टेकली.
‘आता बसमध्ये चढायचं राहिलं,’
इदवाल म्हणाला आणि चहा मागितला.

नंतर अर्ज वाटले.
पूर्णपणे सहमत. काहीसे सहमत. सांगता येत नाही.
चष्मा घरी राहिला म्हणून
त्यानं आपला अर्ज माझ्यापुढे सरकवला.
‘काय लिहू?’
‘होतीस ना तू इथंच?’

रात्री एकटीच इतिवृत्त पक्कं करत बसले.
‘एका रहिवाशाने वेळेबाबत मत मांडले.
नोंद घेण्यात आली.’
वाक्य बरोबर होतं.
बावीस वर्षं मी अशीच बरोबर वाक्यं लिहीत आलेय.
ते खोडलं. खाली लिहिलं:
एकतीस सेकंद. मध्ये एकदा थांबून.

वरचे लोक हे काढून टाकतील, बहुतेक.
ओसियननं जाताना टाय सोडून खिशात कोंबला होता
आणि खडूच्या रेघेचा फोटो काढला होता;
त्याचं तो काय करेल, ठाऊक नाही.

बादली आणली, वाकून पहिली रेघ पुसली.
दुसरीकडे निघाले तर
ओठ आपोआप मोजायला लागले.

मला नऊ लागले.
सध्या नऊ.