डिझेलचा रकाना

गूलच्या आमच्या यार्डात ती गाडी आली मंगळवारी,
आणि आलेली कुणाला कळलीच नाही.
मी पावत्या तारेत टोचत होते,
मान वर केली तर खिडकीभर पांढरी भिंत,
चाळीस टन ओढणारी,
मांजराच्या पावलांची.

नेव्हिल थॅकरे खाली उतरला,
पुन्हा वर चढला, पुन्हा उतरला.
"बंद केली की नाही तेच समजत नाही, लव्ह."
(लव्ह तो सगळ्यांनाच म्हणतो,
वजनकाट्यालासुद्धा.)

माझ्याकडे एक रकाना आहे: डिझेल.
आठ वर्षं भरतेय.
लिटर, दर, पंप कुठला, सही कुणाची.
पावत्यांवर अंगठ्यांचे काळे ठसे,
आणि वास. स्कार्फला, डब्याला, केसांना.
"आई, तुला ट्रकचा वास येतो,"
मुलगी म्हणायची शाळेच्या फाटकाशी,
मैत्रिणींपासून चार हात लांब नेऊन.

फियोना अटलीने भिंतीवर आलेख दाखवला.
मालकाची मुलगी, नवा उत्साह, नवे बूट.
एका गाडीमागे वर्षाला
सतरा हजार पौंडांची बचत.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.
हप्ता पुढच्या पानावर होता.
पुढचं पान माझ्याच टेबलावर येणार होतं,
म्हणून मी गप्प.

आठवड्याने नेव्हिल लिव्हरपूलहून परतला.
गाडी चार्जिंगला लावली, वायर मनगटाएवढी जाड,
आणि पाऊण तास काय करायचं ते न कळून
माझ्या ऑफिसात येऊन बसला.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
मी त्याला कोट काढलेला पाहिला.

म्हणाला, विंडी हिल माहितेय?
ढगात जातो तो रस्ता.
ही चढाला जे खाते ना,
त्यातलं थोडं उतारावर परत देते.
काट्यावर दिसतं, चढत जातं हळूहळू, दुधासारखं.
मी आजवर तिथं ब्रेक दाबून
नुसती हवा तापवत आलो.

त्याने चहात तीन चमचे साखर घातली.
मी मनात आठ वर्षं मागे गेले.
किती उतार आले असतील या वह्यांतून,
एकाचीही नोंद नाही.
रकानाच नव्हता.
खर्च तेवढा चढाचा.

मग तो म्हणाला,
तसंच, खिडकीबाहेर बघत,
जणू टायरबद्दल बोलतोय,
"इंजिन गेलं, पण या कानात अजून चालू आहे."
डावा कान. खिडकीकडचा.
आधी कळायचं नाही, बाहेरचं आतल्याला झाकायचं.
आता सबंध मोटरवेभर
एक जुनी गाडी त्याच्याबरोबर चालते,
घरी येते, उशीवर येते,
आणि तिची किल्ली कुणाकडेच नाही.
डॉक्टर म्हणाली, सवय होईल.
"सवय तर होतीच," नेव्हिल म्हणाला,
आणि हसला,
त्याच्या हसण्याची मला
अजून नीट सवय झालेली नाही.

मला काही सुचेना.
बिस्किटाचा डबा पुढे केला.
बाहेर पाण्याच्या दोन टाक्या,
ज्यांना हे गाव मीठ आणि मिरी म्हणतं,
संध्याकाळी जेवणाची वाट बघत असल्यासारख्या.

तो गेल्यावर कॉम्प्युटर उघडला.
डिझेल: शून्य.
कॉम्प्युटर म्हणतो, रक्कम भरा.
पुन्हा शून्य.
कॉम्प्युटर म्हणतो, रक्कम भरा.
फोन केला, तिकडून कुणी पोरगा म्हणाला,
एक पैसा टाका, मॅडम, चालतं.

टाकला. एक पेनी.
कशाची, ते लिहायला जागा नव्हती.

तेवढ्यात बाहेर खडी करकरली,
एवढ्या वर्षांत कधी ऐकू न आलेली आमच्याच यार्डातली खडी,
आणि ती पांढरी भिंत
खिडकीतून सरकत निघून गेली.
मी कान देऊन बसले होते,
डावा.