वाळवीचं पान

सुवैकच्या अलीकडे, समुद्रापासून पायी वीस मिनिटांवर
अकरा बागा आणि एक वही.

वही मूळची माझी, पंपदुरुस्तीच्या उधारीची.
मागची पानं कोरी होती,
तिथून झुवैनाने सुरुवात केली, उजवीकडून डावीकडे.
आता एका टोकाने माझी बेअरिंगं, वॉशर, येणे बाकी,
दुसऱ्या टोकाने विहिरींचं पाणी चढत येतंय.
मध्ये कुठेतरी दोघांची गाठ पडणार,
तेव्हा नवी वही आणू.

दर गुरुवारी असरची नमाज झाली की
आम्ही बोरीखाली जमतो. इथे तिला सिद्र म्हणतात.
काटे तेच, बोरं तीच,
दगड मारणारी पोरं तेवढी नाहीत.

प्रत्येकाच्या हातात बाटली, आपापल्या विहिरीची.
मीटर एकच. तो बुडवायच्या आधी
म्हातारा खल्फान बोट बुडवून जिभेला लावतो,
आकडा सांगतो.
आम्ही दोन्ही लिहितो, जिभेचा वेगळा, यंत्राचा वेगळा.
सत्तर आठवड्यांत जीभ सहा वेळा चुकली.
यंत्र दोनदा, सेल संपल्यामुळे.

सुरुवातीला तर आकड्यांचाच घोळ.
अरबी पाच म्हणजे हुबेहूब आपलं शून्य,
आणि त्यांचं शून्य नुसता ठिपका, माशी बसल्यासारखा.
हम्दानच्या विहिरीचं पाणी मी पाच आठवडे
शून्य खारं वाचलं,
मनात म्हटलं, नशीबवान माणूस.
मोफिज कुमिल्ल्याचा. त्याचा चार इंग्रजी आठासारखा.
शेवटी ठरलं, आकड्याशेजारी रेघा मारायच्या,
रतिबाच्या दुधाला भिंतीवर मारतात तशा.

मोफिजकडे लिंबांचे दोन वाफे.
एकावर झावळ्या तोडून अंथरलेल्या, खाली शेळ्यांच्या लेंड्या,
दुसरा उघडा, मालकाचा बाप ठेवायचा तसा.
उघड्याला रोज पाणी, झाकलेल्याला दिवसाआड,
तरी मेच्या शेवटी झाकलेल्या मातीत बोटांना ओल लागायची.
झुवैनाने फोटो काढले.
मूठ उघडताना मोफिजचा हात थरथरला.
एरवी त्याच्याकडून नुसता अंगठा मागतात.

मग जुलैत वाळवी.
झावळ्यांखालून आली, सावलीसावलीने.
सात रोपं मुळाशी पोकळ.
उघड्या वाफ्यात एकही नाही.

रविवारी मस्कतहून खात्याची माणसं येणार होती.
याक्झान म्हणाला, हे पान राहू दे.
दीड वर्षाच्या मेहनतीत मिठाचा खडा कशाला?
कुणी काही बोललं नाही. मीही नाही.
उधारीची वही माझी,
एखादा आकडा गाळायची सवय नाही, असं नाही.

खल्फानने स्वतःच्या विहिरीची बाटली तोंडाला लावली,
घोटभर गिळलं, उरलेल्याची चूळ भरून थुंकला.
"या पाण्याबद्दल वीस वर्षं आम्ही गोड बोललो," म्हणाला.
"लिही."

खाल्ल्या मिठाला जागायचं, आई म्हणायची.
प्यालेल्या मिठाबद्दल ती काही बोलली नव्हती.
मी लिहिलं. सात. सात रेघा.
बाजूला मोफिजने वाळवीचं चित्र काढलं, जरा मुंगीसारखं.

साहेबांनी पानं चाळली, चहा घेतला,
नमुना फार लहान आहे म्हणाले.
ते खरंच आहे.

वाळवीच्या पानाचा फोटो मात्र
झुवैनाच्या मावसबहिणीकडून सहमला गेला,
तिथून कुठल्या कुठे.
पंधरवड्याने रास अल खैमाहून एका बाईचा आवाज आला,
फोनवर रेकॉर्ड केलेला, मागे कोंबड्या:
आमचीही गेली, नऊ.
आम्हाला वाटलं, आमचाच हात वाईट.
आता खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडतोय.
जगतात की नाही, पुढच्या जुलैत कळवते.

तिचं नाव विचारायचं राहिलं.
वहीत पुढच्या जुलैची एक ओळ
तिच्यासाठी आखून ठेवली आहे, रिकामी,
माझ्या उधारीपासून चौदा पानांवर.