एक हजार चोवीस

फर्मागुडीच्या कॉलेजात, रात्री पावणेबाराला
प्रॉक्सी पुन्हा गुदमरला.
मेमरी अर्धी रिकामी, डिस्कवर ऐसपैस जागा,
तरी लॉगमध्ये तीच ओळ, खाली खाली तीच ओळ:
फार फाइली उघड्या.

मी मर्यादा वाढवली. पासष्ट हजार.
सर्व्हिस उठली ती जुनाच आकडा घेऊन.
माझा आकडा माझ्या टर्मिनलपुरता,
बाहेर त्याला कोण विचारतो?

इनास वॉचमन दाराशी, टॉर्च विझवत:
"फेरीबोट रिती आसली म्हूण कितें, बाय?
सांखळ सोडपी वेगळो."

पहाटे सापडली.
बूटच्या फाइलीत, लोटलीकर सरांच्या हातची ओळ;
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली त्यांना.
एक हजार चोवीस, आणि पुढे टीप:
सध्या पुरे.

आकडा बदलला.
टीप राहू दिली.