गालिच्याखालची तार

निविदेत तिची एकच ओळ होती, अनुक्रमांक अकरा:
‘श्रवणवलय, एक नग.’
प्रोजेक्टर, पडदा, एकोणीस माइक, दोन कॅमेरे,
या सगळ्यांच्या खाली, नजर पोचणार नाही अशा जागी.

लुद्झाच्या नगरसभेत आम्ही फेब्रुवारीत पोचलो,
आग्नेसे आणि मी, व्हॅनमध्ये तांब्याच्या पट्टीची दोन रिळं.
तळं गोठलेलं. त्यावर भोकं पाडून बसलेली माणसं,
पाठमोरी, गळ टाकून, गप्प.

गालिचा उचलला. त्याखाली दुसरा गालिचा.
त्याखाली लिनोलियम, आणि त्यात रुतलेलं
आता नसलेल्या देशाचं तीन कोपेकांचं नाणं,
केसांचा एक आकडा.
आग्नेसे म्हणाली, सरकारं बदलली तरी
खालचं कुणी काढत नाही, वरून अंथरतात.
मी म्हटलं, पट्टी सरळ धर.

पट्टी कागदाइतकी पातळ. भिंतीच्या कडेनं फिरवायची,
दाराशी वळवायची, निघाली तिथेच परत आणायची.
माइकच्या तारांशी समांतर जाऊ द्यायची नाही,
नाहीतर घुमत राहते, रिकाम्या हंड्यासारखी.
एवढंच शास्त्र. मग त्या वेढ्यात जो बसेल
त्याच्या कानातल्या यंत्रात शब्द थेट उतरतो,
हवेतून नाही, इतरांच्या खोकल्यांतून नाही.

चाचणीला लेओन्तिनेबाई आल्या. वय अठ्ठ्याहत्तर.
सव्वीस वर्षं जवसाच्या सुताच्या गिरणीत;
कान तिथल्या मागांनी खाल्ले.
सभेत त्यांची ही तिसरी खेप. रीत ठरलेली:
शेजारच्या विताउत्सचा हात वर गेला की यांचा जायचा.
लोक नंदीबैल म्हणायचे, त्यांच्या बोलीत, हळूच.
हळूच कशाला, मोठ्यानेच.
ऐकायला कोण होतं?

यंत्राची कळ ‘टी’वर करा, असं मी लिहून दाखवलं.
त्यांनी नखानं ती सरकवली.
अध्यक्षांच्या खुर्चीत बसून आग्नेसे वाचू लागली,
हाताशी लागलं ते: कॅन्टीनचा दरफलक,
शेपू घातलेले बटाटे, राईची भाकरी, बिटाचं सार.
बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या,
‘सार दीड युरो? गेल्या महिन्यात एक वीस होतं.’

पहिल्या बैठकीला हजर राहायचं, असं करारातच असतं.
आम्ही मागे, भिंतीला टेकून.
विषय चौदावा अध्यक्षांनी नेहमीसारखाच वाचला,
कागदात तोंड घालून, अर्धे शब्द चावून:
शनिवारची बस, आसपासच्या गावांची, बंद.
हात वर जाऊ लागले. विताउत्सचा गेला.
बाईंचा टेबलावरच होता.
त्या हातानं बटण दाबलं. माइकभोवतीचं कडं लाल झालं.
‘चौदा पुन्हा वाचा. सावकाश.’
त्यांनी वाचला.
‘आता गावांची नावं वाचा. तुम्ही ती गाळलीत.’

माझं लक्ष आवाजाच्या पातळीवर होतं, तेच माझं काम.
काटा कुठेही लाल रेषेला टेकला नाही.
बाई ओरडल्या नव्हत्या.
ठराव मंजूर झालाच, दहा विरुद्ध नऊ.
तिथले ठराव एकोणीस विरुद्ध शून्य होत, असं शिपाई म्हणाला,
आणि खुर्च्या सरळ करू लागला.

तिसऱ्या आठवड्यात सचिवांचा फोन.
‘ते अकरा नंबरचं... जरा जास्तच स्पष्ट आहे.
एखाद्या खुर्चीपुरतं कमी करता येईल?’
मी म्हटलं, साहेब, तांबं अख्ख्या खोलीला वेढून आहे,
त्यातून एक खुर्ची वगळायची सोय नाही.
‘बघा काहीतरी.’
बघतो म्हटलं.

दाराशी, जिथे जोड आहे, तिथे
गालिचा नीट बसलेला नाही. बोटभर उंचवटा राहिलाय.
देखभालीत तो येतो, हे मला कबूल आहे.
जाईन बर्फ वितळला की.
तोवर आत येताना
अडखळू देत सगळ्यांना थोडं.